दातांच्या फटीतून

आमच्या शहराच्या बससेवेचं नाव मी इथे घेणार नाही. उद्या सकाळी मला त्याच बसने जायचं आहे.

पूर्वी आमची बस लाल असायची. लांबून लाल काही हललं की रांगेतली माणसं पिशव्या उचलायची. आता बसला स्वतःचा असा रंगच उरलेला नाही. ती आज लोणच्याची असते, पुढच्या महिन्यात बिल्डरची. परवा थांब्यावर अर्धा तास तिष्ठून मी चक्क एक रिकामी बस सोडली, कारण मला ती आइस्क्रीमची गाडी वाटली. वर नंबरची पाटी होती, नाही असं नाही. पण दहा फुटी कोन अंगावर चालून येत असताना पाटी कोण वाचतो?

याला तिकिटेतर उत्पन्न म्हणतात. बस चालवायला लागतो तेवढा पैसा निव्वळ तिकिटातून काही निघत नाही, आणि भाडं रुपयाने वाढवलं की मोर्चा निघतो. मागच्या मोर्चात मीही होतो, तिसऱ्या रांगेत. मग जाहिरातींसाठी बसच्या पाठी-पोटाची निविदा काढतात, ठेकेदार ठरलेली रक्कम भरतो आणि गाडी नखशिखांत रंगवून घेतो. त्यामुळे मला तक्रारीला तोंड नाही. डोळे होते, तेही खिडकीवरच्या पापुद्र्याने घेतले.

हा पापुद्रा म्हणजे बारीक भोकांची प्लास्टिकची चाळण. बाहेरून चित्र, आतून काळी. भर उन्हात आतून बाहेरचं बऱ्यापैकी दिसतं, हे मान्य. पण संध्याकाळी आत दिवे लागले की काचेत फक्त आपलंच तोंड दिसतं, आणि पावसात भोकं पाण्याने बुजली की तेही पुसट होतं. मग घरी जायचं ते हाडांच्या हिशेबाने: दोन गतिरोधक, एक डावं वळण, भज्यांचा वास आला की उठायचं. भजीवाल्याने दुकान बंद ठेवलं, की मी थेट डेपोत.

गंमत म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये लोक ज्या जाहिराती खरोखर मन लावून वाचतात, त्या प्रेमभंग, सवत आणि अडलेली नोकरी यांवर चोवीस तासांत इलाज करणाऱ्या बाबांच्या. त्या चिकटवल्या जातात गुपचूप, आणि त्यांचा छदामही रेल्वेला मिळत नाही.

तर, गेल्या महिन्यात सांगलीहून आत्या आली. आमच्या थांब्याचं नाव पाटीवर चार बोटं अक्षरात आहे, आणि त्याच्याखाली अख्ख्या थांब्याएवढी जाहिरात. दोन वर्षं तिथे चष्मा लावलेली एक हसरी बाई होती. गल्लीतला जो तो त्या थांब्याला ‘चष्मेवाली’च म्हणायचा, रिक्षावालेसुद्धा. मी आत्याला फोनवर सांगितलं, “चष्मेवाली दिसली की उतर.” आणि नेमकी त्याच रात्री कुणीतरी चष्मेवाली उतरवून तिथे सिमेंटची गोणी चढवली.

मुंबईच्या मेट्रोने असल्या नावांचे निदान पैसे तरी केले. मेट्रो ३ वर सिद्धिविनायक स्थानकाच्या नावाला आयसीआयसीआय लोम्बार्ड जोडलेलं आहे. उतरायचं विघ्नहर्त्याच्या दारात, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आधी विमा! २०१३ साली सुरू झालेल्या गुरुग्रामच्या रॅपिड मेट्रोने तर स्थानकांना इंडसइंड बँक सायबर सिटी अशी नावं दिली. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये फॅशन सप्ताहापुरतं बाँड स्ट्रीट स्थानकाचं, बर्बेरी या कपड्यांच्या कंपनीसाठी, बर्बेरी स्ट्रीट केलं, तेव्हा प्रवाशांची त्रेधा उडाली होती. नकाशे वाचणाऱ्या माणसांची ही गत, तर आमची आत्या चष्मेवालीवर विसंबलेली.

ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिचा फोन आला तेव्हा मी थांब्यावर सिमेंटच्या गोणीशेजारीच उभा होतो.

“अरे, बाई काही आली नाही बघ. इथं सगळ्या बशीच उभ्यात.”

“आत्या, तू डेपोत आहेस. तिथून हलू नकोस.”

मी पोचलो तर आत्या कंट्रोलरसाहेबांच्या टेबलाशी बसून चहा पीत होती. तिने पिशवीतला चिवडा सोडला होता आणि साहेबांनी मन मोकळं केलं होतं. “बिचारे म्हणतात, खर्च भागत नाही,” ती मला म्हणाली. “एवढी मोठी गाडी, पण बशीलाच अंगावरचं विकायची पाळी!” मी मोर्चाचं काही बोललो नाही.

परतीच्या बसमध्ये आत्याला घुसमटल्यासारखं झालं. “काच सरकव रे, निदान गाव तरी बघू.” मी हिसका देऊन काच सरकवली आणि कोपर बाहेर टेकून ऐसपैस बसलो. वारा आला, झाडं दिसली, दुकानांच्या पाट्या दिसल्या. सिग्नलला एका स्कूटरवरचं पोरगं माझ्याकडे बोट दाखवून खिदळलं. त्याची आई आधी त्याला दटावायला वळली, मग तीही हसू लागली. पुढच्या सिग्नलला एका टेम्पोवाल्याने माझा फोटो काढला. मला वाटलं, ओळखीचा असेल. मी हातही केला.

आमच्या थांब्यावर उतरून मागे पाहिलं तेव्हा उलगडा झाला. बस टूथपेस्टची होती. खिडक्यांच्या अख्ख्या रांगेवर एका तरुणीचं हसू पसरलं होतं, आणि त्या पांढऱ्याशुभ्र बत्तिशीत ऐन समोर एक काळंकुट्ट खिंडार. डेपोपासून इथपर्यंत त्या खिंडारात मी बसलो होतो.

आत्याने बराच वेळ त्या दातांकडे पाहिलं.

“तिथं बसायचे तुला काही देतात का रे?”

“नाही. मीच पंधरा रुपये दिलेत.”