ई = एमसी² फक्त अणुभट्टीपुरतं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रासायनिक अभिक्रियेत वस्तुमान तंतोतंत कायम राहतं, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिएने ते सिद्ध केलंय, ई = एमसी² (ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग) लागू होतं ते अणुभट्टीत आणि बॉम्बमध्ये, आणि मी ते साध्या ज्वलनात आणून मुलांचा गोंधळ करतोय. शिवाय ज्वलनातली ऊर्जा बंध तुटल्यामुळे येते एवढं सांगितलं की पुरे.

दोन्ही मुद्दे मला पटत नाहीत, आणि का ते नीट सांगायला हवं, कारण हा समज फार पसरलाय.

आधी आकडे बघू. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून १८ ग्रॅम द्रवरूप पाणी तयार होताना २८६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तिला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागलं की साधारण ३.२ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) येतात, म्हणजे साडेपाचशे कोटींत जेमतेम एक भाग. ती उष्णता भांड्याबाहेर गेली की पाणी मूळ वायूंपेक्षा तेवढं हलकं भरतं. लॅव्हॉझिएने १७८९ च्या ग्रंथात नियम मांडला तेव्हा त्याच्या तराजूला हे दिसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्याने जे दाखवलं ते त्या तराजूच्या ताकदीपुरतं अगदी खरं आहे.

आणि कुणी तपासलं नाही असंही नाही. हान्स लँडॉल्ट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कित्येक वर्षं हेच केलं, दोन फाट्यांच्या काचेच्या नळीत दोन द्रावणं वेगवेगळी ठेवायची, नळी सील करायची, वजन करायचं, मग तिरकी करून द्रावणं एकत्र करायची आणि पुन्हा वजन. सुरुवातीला काही वेळा वजन घटल्यासारखं दिसलं! पण तो तिथे थांबला नाही. अभिक्रियेच्या उष्णतेने काच किंचित फुगते आणि तिच्यावरचा दमटपणाचा थरही उडतो, हे त्याने शोधून काढलं आणि १९०८ मध्ये निष्कर्ष दिला की साधारण एक कोटीत एक भाग इतक्या अचूकतेपर्यंत काहीच फरक नाही. चिकाटी बघा माणसाची. पण खरा फरक त्याच्याही शेकडो पट खाली होता.

आता 'हे फक्त अणूच्या केंद्रकात घडतं' याबद्दल. २०२० मध्ये हायडेलबर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेत रेनियम या धातूच्या आयनांचं (विद्युतभारित अणूंचं) वस्तुमान चुंबकीय सापळ्यात मोजलं. केंद्रक तेच, इलेक्ट्रॉनही तितकेच, फक्त काही आयनांत इलेक्ट्रॉनांची मांडणी जास्त ऊर्जेची होती, आणि ते आयन २०२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं अतिसूक्ष्म एकक) एवढ्या ऊर्जेच्या वस्तुमानाने जड भरले. इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलणं म्हणजेच रसायनशास्त्र ना सर? रासायनिक बंधात हा आकडा काही इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढाच असतो, म्हणून तो मोजणं आणखी अवघड, पण तत्त्व तेच.

उलट अणुभट्टीतही 'वस्तुमानाची ऊर्जा बनते' हे वाक्य दिशाभूल करतं. युरेनियमचं केंद्रक फुटतं तेव्हा फुटण्याच्या त्या क्षणी एकही प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन नाहीसा होत नाही, आधी मोजले तेवढेच नंतर भरतात, फक्त त्यांची बांधणी बदलते. जिच्यातून उष्णता नाही, प्रकाश नाही, काहीच बाहेर पडणार नाही अशी पेटी कल्पनेत घ्या, आत युरेनियम फुटू दे नाहीतर हायड्रोजन जळू दे, पेटीचं वजन तसूभरही बदलणार नाही. ऊर्जा बाहेर गेली की मग तिच्याबरोबर वजन घटतं. फरक एवढाच की युरेनियमला ती घट हजारात एकाच्या जरा आत आणि ज्वलनात अब्जात एकापेक्षाही कमी, म्हणून एक पुस्तकात येते आणि दुसरी सोडून दिली जाते. सोडून द्यायला माझी हरकत नाही, समीकरण संतुलित करताना आपण अणू मोजतो आणि अणूंची संख्या बिलकूल बदलत नाही. 'लागू होत नाही' म्हणायला मात्र हरकत आहे.

बंधांचा मुद्दा तर मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण तो परीक्षेतही चुकतो. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, नेहमीच. एक मोल (वरच्या १८ ग्रॅम पाण्याला लागतो तेवढा) हायड्रोजन तोडायला ४३६ किलोज्यूल, त्याच्या वाट्याचा अर्धा मोल ऑक्सिजन तोडायला २४९, झाले ६८५ खर्च. मग पाण्याच्या रेणूतले दोन बंध जुळताना सरासरी ४६३ प्रत्येकी, म्हणजे ९२६ परत मिळतात. हातात उरले २४१, आणि प्रयोगातून वाफेसाठी येतात २४२. ऊर्जा मिळाली ती नवे बंध जुळल्यामुळे, जुने तुटल्यामुळे नव्हे.

तुम्ही म्हणाल मघाशी तर २८६ सांगितले. वरचे ४४ त्या वाफेचं पाणी होताना सुटतात, त्यात रेणूच्या आतला एकही बंध तुटत नाही की जुळत नाही, केंद्रकाचा तर संबंधच नाही, तरी ३.२ पैकी अर्धा नॅनोग्रॅम त्याच टप्प्यात घटतो.