केसी जोन्सचं जन्मसाल १८६३ आहे, १८६४ नाही

रेल्वेवाल्या ग्रुपांवर अधूनमधून एक पोस्ट फिरते, केसी जोन्स या अमेरिकन इंजिन ड्रायव्हरची, स्वतः गेला पण गाडीतल्या एकाही प्रवाशाला मरू दिलं नाही. वाचून डोळ्यात पाणी येतं, मलाही आलं होतं आणि मीही ती तशीच पुढे पाठवली होती. नंतर नीट वाचायला लागलो तर त्यात अर्ध्या गोष्टी चुकीच्या. आज परत तीच पोस्ट दिसली, म्हणून लिहायला बसलोय.

मुळात त्याचं नाव केसी नाहीच. जॉन लूथर जोन्स. लहानपणी केंटकीतल्या केसी नावाच्या गावात राहायचा, तेच गाव नावाला चिकटलं. जन्मसालाचं बघा. टेनेसीतल्या जॅक्सनला त्याची कबर आहे, तिथे कित्येक वर्षं साधा लाकडी क्रॉस होता. १९४७ मध्ये बाहेरगावच्या दोघा रेल्वेप्रेमींनी प्रेमाने दगड बसवला आणि त्यावर १८६४ कोरलं गेलं, पण त्याच्या आईने घरच्या बायबलमध्ये लिहून ठेवलंय १८६३! आता दगडाचा फोटो टाकून सगळे ३६ व्या वर्षी गेला असं लिहितात. ३७ चा होता हो तो. एका वर्षाने काय बिघडतं असं म्हणू नका, आईने लिहिलेलं खोटं ठरवायचा आपल्याला काय अधिकार?

३० एप्रिल १९०० ची पहाट. दुसरा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून याने मेम्फिसहून कँटनची गाडी घेतली, निघतानाच तासाभराहून जास्त लेट, आणि पठ्ठ्याने तो लेट जवळजवळ भरून काढला. मिसिसिपीतल्या व्हॉन स्टेशनला मात्र सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, दोन मालगाड्या मावत नव्हत्या, त्यात एकीचा एअर होस (ब्रेकच्या हवेचा पाइप) फुटून ब्रेक अडकले आणि दुसरीचे मागचे चार डबे मेन लाइनवरच राहिले. केसीच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन सिम वेब, त्याला मालगाडीच्या गार्डाच्या डब्याचे लाल दिवे दिसले, तो ओरडला, केसीने त्याला उडी मारायला सांगितलं आणि स्वतः ब्रेक धरून बसला. ताशी ७५ मैलांच्या आसपासचा वेग ३५ पर्यंत उतरला तेव्हा ३८२ नंबरचं इंजिन गार्डाचा डबा, गवताचा डबा, मक्याचा डबा फोडत घुसलं. मेला तो एकटा केसी.

आता जे पोस्टवाले गाळतात ते. कंपनीच्या चौकशीत दोष केसीवरच आला, मालगाडीतून मागे धावत जाऊन येणाऱ्या गाडीला थांबायला सांगणाऱ्या फ्लॅगमनचा इशारा त्याने पाळला नाही म्हणून. सिम वेब मात्र पुढे सांगत राहिला की फ्लॅगमन आम्हाला दिसलाच नाही. आधीही नियम मोडल्याबद्दल केसीला नऊ वेळा शिक्षा, मिळून १४५ दिवस सस्पेन्शन. हे लिहिलं की लोक चिडतात, हिरोची बदनामी करता म्हणतात. अहो कसली बदनामी, वेळेवर पोचायची घाई असलेला माणूस शेवटच्या क्षणी उडी न मारता जागेवर बसून राहिला, मला तर हे कळल्यावर तो जास्त जवळचा वाटला.

आणि ज्याच्यामुळे आपल्याला तो माहीत झाला तो वॉलेस सॉन्डर्स, कँटनच्या शेडमध्ये इंजिनं पुसणारा कृष्णवर्णीय कामगार, त्याने आपल्या मित्रावर गाणं रचलं. ते दुसऱ्यांनी घेऊन बदललं, १९०९ ला छापलं तेव्हा त्यावर वॉलेसचं नावच नाही.

खरा राग मला त्या छापील गाण्यातल्या एका ओळीचा येतो, जिच्यात केसीच्या बायकोचा दुसरा कोणी असल्याचं सुचवलंय. जेनी ब्रॅडी जोन्स, तीन मुलं पदरात. तिने परत लग्न केलं नाही, १९५८ ला गेली तोपर्यंत ती लोकांना सांगत होती की ते खोटं आहे. म्हणजे अपघातानंतर ५८ वर्षं! तेव्हा ती पोस्ट पुढे पाठवायची असेल तर पाठवा, पण साल १८६३ करा, वॉलेसचं नाव घाला आणि गाण्यातली जेनीबद्दलची ती ओळ त्यात असेल तर आधी काढून टाका.