‘पाच-नऊ’ ही थाप नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधण्याची स्पर्धा संपल्यावर प्रत्येक हौशी रेडिओचालकाने आपला लॉग (संपर्कांची नोंद) आठवड्याच्या आत ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ या ऑनलाइन नोंदणीवर चढवावा आणि कागदी क्यूएसएल कार्ड (संपर्काची पुष्टी देणारे कार्ड) मागणी आली तरच पाठवावे, एवढेच मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर आपण, जुन्या अनुभवाचा दाखला देत, लिहिता : ‘दोन दिवस साऱ्या जगाला पाच-नऊ म्हणत सुटायचे आणि मग त्या थापांची पुष्टी मागायची, हा छंद नव्हे, बाजार आहे.’ (‘पाच-नऊ’ म्हणजे ‘तुमचा संकेत स्वच्छ आणि जोरदार ऐकू येतो’ असा अहवाल.) त्याशिवाय स्पर्धांमुळे बँड (हौशी चालकांना दिलेले लहरींचे पट्टे) अडतात, संगणक न वापरणारे चालक पुष्टीला मुकतात आणि आपल्या कार्डाला माझ्याकडून उत्तर आले नाही, अशा तीन तक्रारीही आपण केल्या आहेत. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याच्याशी परिचय नाही अशा माणसाला आधी थापाड्या ठरवायचे आणि मग मुद्दे मांडायला बसायचे, ही चर्चेची रीत नव्हे. हेच आपण संयत भाषेत लिहिले असते तर या उत्तराची भाषाही वेगळी झाली असती.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. नवख्या चालकाचे किंवा केवळ ऐकणाऱ्या श्रोत्याचे कार्ड आले तर त्याला कार्डानेच उत्तर द्यावे, हे मी त्या लेखात एका ओळीत उरकले होते. त्यावर अधिक लिहिता आले असते.

आता ‘थापां’विषयी. संकेताच्या अहवालात वाचनीयता १ ते ५ आणि तीव्रता १ ते ९ या मापात सांगतात, मोर्समध्ये स्वराच्या शुद्धतेसाठी १ ते ९ असा आणखी एक आकडा जोडतात, आणि स्पर्धेत जवळपास सर्वच जण सर्वांना ५९ किंवा ५९९ देतात. यात लपवाछपवी कोठे आहे? देणाऱ्याला ते ठाऊक असते, घेणाऱ्याला ठाऊक असते, आयोजकांनाही ठाऊक असते. ज्या विधानाने कोणाचीही फसवणूक होत नाही आणि जे करणाऱ्याला एक गुणही अधिक मिळत नाही, त्याला थाप म्हणायचे असेल तर त्यामागचा लाभ आपण दाखवून द्यावा. शिवाय ज्या ‘खऱ्या’ अहवालाचा आपण आग्रह धरता, तो तरी किती खरा असतो? एचएफ (लघुलहरी) बँडवर एस-९, म्हणजे तीव्रता ९, याचा अर्थ ५० ओहमच्या इनपुटवर ५० मायक्रोव्होल्ट आणि त्याखालची प्रत्येक पायरी ६ डेसिबलची, असा प्रघात आहे. परंतु नेहमीच्या वापरातल्या अनेक रिसीव्हरांचे मीटर, विशेषतः खालच्या पायऱ्यांवर, तो काटेकोरपणे पाळत नाहीत, आणि प्रीअँप (आलेला संकेत वाढवणारा भाग) चालू केला तर समोरच्या केंद्रात तसूभरही बदल न होता काटा वर चढतो. निवांत गप्पांच्या संपर्कात आपण ज्याला प्रामाणिक पाच-सात म्हणता, तो पुष्कळदा आपल्याच यंत्राचा स्वभाव असतो.

स्पर्धेतील खरी देवाणघेवाण त्या दोन आकड्यांनंतर सुरू होते, आणि आपल्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही. १९४८ साली सुरू झालेल्या सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धेत जगाच्या ४० झोनपैकी (भौगोलिक विभागांपैकी) आपला झोन सांगावा लागतो. डब्ल्यूपीएक्स या दुसऱ्या स्पर्धेत प्रत्येक संपर्कागणिक वाढत जाणारा अनुक्रमांक द्यावा लागतो, आणि तो कोणाला अंदाजाने लिहिता येत नाही. अमेरिकेतील स्वीपस्टेक्स स्पर्धेत तर अनुक्रमांक, स्पर्धेतील गट, स्वतःचा कॉल साइन (चालकाचे ओळखचिन्ह), पहिला परवाना मिळालेल्या वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि विभाग, इतके सगळे गोंगाटातून अचूक उतरवून घ्यावे लागते. झोन हा पुष्कळदा कॉल साइनवरूनच ताडता येतो, असा आक्षेप आपण घेतला असता तर तो विचार करण्याजोगा ठरला असता. परंतु तेवढ्या खोलात जाण्याची तसदी आपण घेतलेली दिसत नाही.

लॉग पोहोचल्यानंतर तो दुसऱ्या चालकाच्या लॉगशी ताडून पाहिला जातो. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये लॉग पाठवण्यासाठी पाचच दिवसांची मुदत असते. मी कॉल साइन चुकीचा लिहिला असेल किंवा समोरच्याच्या लॉगमध्ये माझी नोंदच नसेल, तर तो संपर्क रद्द होतोच, वर दंडाचे गुणही कापले जातात. स्पर्धा संपल्यानंतर एखाद्या यादीवरून, ध्वनिमुद्रणावरून किंवा पत्रव्यवहार करून लॉगमधले कॉल साइन दुरुस्त करण्यास मनाई आहे. कागदी कार्डाची अशी तपासणी कोण करते? कार्ड पाठवणारा स्वतःच्या लॉगमध्ये पाहून लिहितो आणि घेणारा ते जपून ठेवतो. याउलट २००३ साली अमेरिकन रेडिओ रिले लीगने सुरू केलेल्या लॉगबुक ऑफ द वर्ल्डमध्ये दोन्ही चालकांनी आपापल्या डिजिटल सहीने स्वतंत्र नोंद चढवावी लागते. कॉल साइन, बँड आणि मोड (मोर्स, बोलणे असा संपर्काचा प्रकार) जुळला आणि वेळेतला फरक ३० मिनिटांच्या आत असला, तरच पुष्टी मिळते. आपल्याला खटकणारा पाच-नऊ हा अहवाल तेथे ताडूनही पाहिला जात नाही, कारण संपर्क झाला की नाही हे त्यावरून ठरतच नाही.

हे मी कोणाकडून ऐकून लिहीत नाही. परवाना मिळण्याच्या आधीपासून मी रात्ररात्र मोर्स ऐकत आलो आहे आणि संगणक येण्यापूर्वीचे माझे लॉग कागदावर, माझ्याच अक्षरात आहेत. पहाटे ४० मीटरच्या बँडवर विझत चाललेल्या केंद्राचा अनुक्रमांक पुन्हा पुन्हा मागून घेतल्याशिवाय मी तो कधी लिहिलेला नाही, आणि समोरच्याची पोच ऐकू आली नाही तर हाती आलेला दुर्मीळ झोनदेखील लॉगमधून खोडला आहे. माझ्या संग्रहात एक सुबक छापील कार्ड आहे, ज्याच्या मालकाशी माझा संपर्क कधीच झालेला नाही. त्याने दुसऱ्या कोणाचा तरी कॉल साइन ऐकताना एक अक्षर चुकवले आणि कार्ड माझ्या पत्त्यावर आले. त्यावरचा अहवाल मात्र अगदी ‘प्रामाणिक’ आहे, पाच-सहा. ते कार्ड मी आजवर कोणत्याही पुरस्कारासाठी सादर केलेले नाही. अशा माणसाला पुष्टीची थट्टा करणारा म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबायला हवे होते.

बँड अडवण्याच्या तक्रारीवर फार लिहावेसे वाटत नाही. १९७९ च्या जागतिक परिषदेतून हौशी चालकांना मिळालेले ३०, १७ आणि १२ मीटरचे बँड सर्वसंमतीने स्पर्धांपासून मुक्त ठेवले जातात. ज्यांना शांतता हवी त्यांनी तेथे जावे. संगणक न वापरणाऱ्यांविषयी मी इतकेच म्हणेन की त्यांनी कार्ड मागावे, ते मिळेल. लेखात तेच लिहिले होते.

उरला आपल्या कार्डाचा प्रश्न. ब्युरोमार्गे (कार्डे एकत्र जमवून पाठवणाऱ्या व्यवस्थेमार्फत) निघालेले कार्ड पोहोचायला वर्ष लागते, कधी त्याहून अधिक, हे इतका जुना अनुभव सांगणाऱ्याला मी समजावण्याची गरज नसावी. तरीही ज्या छंदात प्रत्येक जण आधी स्वतःची ओळख देऊन मग बोलतो, त्यात आपण तक्रार करताना कॉल साइनदेखील लिहिलेला नाही, म्हणून मला शोध घेणे शक्य झाले नाही. कॉल साइन, तारीख, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, बँड आणि मोड कळवा. नोंद सापडली तर कार्ड थेट टपालाने पाठवीन, आणि सापडली नाही तर त्या तासाभरातल्या त्या बँडवरच्या माझ्या सर्व नोंदी आपल्याला पाठवीन, म्हणजे चूक कोणाच्या ऐकण्यात झाली ते आपल्यालाच तपासता येईल.