विकून टाका म्हणे!

आज लंचला ऑफिसातला एकजण, डिसेंबरात मॉरिशसला चाललाय, तिकिटं महाग निघाली म्हणून वैतागलेला, डबा उघडता उघडता म्हणतो, "तेरा लाखाचा पण देश नाही धड, कशाला पाहिजे एअर मॉरिशससारखी सरकारी एअरलाइन? आपण एअर इंडिया विकली तशी विकून टाका, विषय संपला." आणि लागला भेंडी खायला.

मी तेव्हा गप्प बसले. आता घरी येऊन चिडचिड होतेय म्हणून इथे लिहितेय.

मी तिकडे मॉरिशसमध्येच तीन वर्षं नोकरी केलीये, एबेन नावाच्या गावी. (तिथल्या कास्कावेल गावच्या आपल्या मराठी लोकांनी गणपतीत मला किती खाऊ घातलं ते वेगळ्या पोस्टमध्ये.) एकदा लाँग वीकेंडला रॉड्रिग्जला गेले. हेही मॉरिशसचंच, पण मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटरच्या वर, भर समुद्रात. येताना एअर मॉरिशसच्या त्या पंख्यांच्या छोट्या एटीआर विमानात शेजारी एक आजीबाई. मांडीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी, झाकणाला सेलोटेपचे चार वेढे. पट्टा लावता येईना, मी लावून दिला. कुठे चाललात विचारलं तर डोळ्याकडे बोट दाखवून एवढंच, "लोपितल." म्हणजे हॉस्पिटल.

आता सांगा, पॅरिस-लंडनचे टुरिस्ट कुणीही प्रायव्हेटवाला हसत हसत आणेल, ह्या आजीला कोण आणणार? ४०-४५ हजार वस्तीच्या बेटावरून? बोटीने ये म्हणायचं का, दिवस-दीड दिवस हेलकावे खात, तेही तो डोळा घेऊन? आपली एसटी वाडीवर मुक्कामी गाडी पाठवते ती काय नफ्यासाठी?

आणि ही कंपनी १९६७ ची, देश स्वतंत्र झाला १९६८ ला! झेंड्याच्या आधी विमान कंपनी. १९७२ ला मादागास्करकडून भाड्याने एक एवढंसं विमान आणलं आणि पहिल्यांदा उडवलं ते रॉड्रिग्जलाच.

हो, २०२० मध्ये कंपनी प्रशासकाच्या हातात गेली, मान्य. सरकारी म्हटलं की खुर्चीत आपली माणसं बसवणं आलंच, तेही मान्य. बरं पुढे.

टेकऑफला आजीने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. वर गेल्यावर सोडलं, बरणी सरळ केली आणि मग क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, सुरू, मुलगी राजधानीत पोर्ट लुईला असते, तिला घरचंच लोणचं लागतं, निम्मं मला कळलंच नाही, मी आपली मान डोलवत होते. उतरताना दाराशी क्रूमधल्या मुलीने तिला नावाने हाक मारली, बरणी स्वतःच्या हातात घेतली आणि पायऱ्यांवरून हाताला धरून खाली उतरवलं. किती वेळा येत असेल ती, म्हणून नाव पाठ.

त्या भेंडीवाल्याचाही फार दोष नाही म्हणा, हनिमून आहे बिचाऱ्याचा, बजेट कोलमडलंय. पण तुझं तिकीट महाग पडलं म्हणून अख्ख्या देशाने एअरलाइन विकायची??

उद्या मी दुसऱ्या टेबलावर बसणारेय. कुणी बोलवू नका.