वणवा लागला की वनखात्याची चांदी?

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या काकांनी परवा मला एक फिरता संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘यंदा जाळरेषेच्या कामाला मी जाणार नाही.’ (जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-पाचोळा आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा.) संदेशाचे म्हणणे असे की वणवा लागला की दिल्लीहून हवा तेवढा पैसा येतो, म्हणून वनखाते स्वतःच तो लावते. विझवायला हेलिकॉप्टर पुरते. सबब गावकऱ्यांनी त्यात पडू नये.

हवा तेवढा पैसा? केंद्राच्या वणवा प्रतिबंध योजनेत बहुतेक राज्यांना 40 टक्के वाटा पदरचा घालावा लागतो, हिमालयीन आणि ईशान्येकडील राज्यांना 10 टक्के, आणि निधी मिळतो तो राज्याने पाठवलेल्या वार्षिक आराखड्यावर, म्हणजे जाळरेषा, हंगामी फायर वॉचर, अवजारे यांसाठी. मे 2024 मध्ये उत्तराखंड जळत असताना सर्वोच्च न्यायालयासमोर जे आले ते या संदेशाच्या नेमके उलट होते: मागणी 10 कोटींची, मिळाले 3.15 कोटी, शिवाय ऐन वणव्यांच्या दिवसांत वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, आणि या दोन्हींबद्दल न्यायालयाने सरकारांना खडसावून जाब विचारला. त्यानंतर महिनाभरातच, 13 जूनला, बिनसर अभयारण्यातील आग विझवायला गेलेले चौघे होरपळून मेले. ही कमाई कोणाची, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

पैशाची उधळपट्टी होतच नाही, असे मात्र मला म्हणता येणार नाही. त्याच उत्तराखंडात वनीकरणासाठीच्या ‘कॅम्पा’ निधीतून आयफोन, लॅपटॉप आणि फ्रिज घेतल्याचे महालेखापरीक्षकांनीच नोंदवले आहे. पण त्यावरून खाते आग लावते हे कसे सिद्ध होते?

हेलिकॉप्टरचे म्हणाल तर एप्रिल 2024 मध्ये हवाई दलाने भीमतालचे पाणी उचलून नैनिताल परिसरात ओतले, तरी मे महिन्यात राज्यात वणवे पेटतच राहिले. पाचोळ्याखालची धग शेवटी माणसांनाच विझवावी लागते.

खरा अपाय शेवटच्या सल्ल्यात आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 नुसार राखीव किंवा संरक्षित वनात चराईचा अथवा वनोपजाचा हक्क वापरणाऱ्याने वणव्याची खबर देणे आणि तो विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. राखीव वनात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर तिथले चराईचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार कलम 26 राज्य सरकारला देते. काकांच्या चार म्हशी अशाच वनात चरतात.