पोलरॉइडमध्ये इन्स्टॅक्सची फिल्म घालू नका

"कपाटातला जुना पोलरॉइड पुन्हा चालू करा, तोही निम्म्या खर्चात" असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. माझा भाचा तो वाचून आजोबांच्या पोलरॉइडसाठी, म्हणजे फोटो लगेच बाहेर काढणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, इन्स्टॅक्स वाइड ही फुजीची झटपट फोटोंची फिल्म मागवायला निघाला होता, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक दावा पहिलाच आहे: "इन्स्टॅक्स वाइड आणि पोलरॉइड एकाच मापाचे. अंधारात फिल्म काढून पोलरॉइडच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये भरा." माप जवळपास सारखं आहे, हे कबूल. पोलरॉइडचा फोटो पांढऱ्या कडांसह 88 बाय 107 मिलिमीटर, वाइडचा 86 बाय 108. पण पोलरॉइडच्या फिल्मवर उजेड समोरून पडतो, म्हणजे आपण फोटो ज्या बाजूने बघतो त्याच बाजूने. त्यासाठीच कॅमेऱ्यात आरसा बसवलेला असतो. इन्स्टॅक्सवर उजेड मागून पडावा लागतो. त्यामुळे ती सुलटी भरली तर चित्रच उमटत नाही आणि उलटी भरली तर डावं-उजवं बदलून येतं.

खरी नासाडी पुढे आहे. पोलरॉइडमध्ये रसायनाची पुडी खालच्या अरुंद कडेत असते. तीच कड आधी कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या रोलरमध्ये शिरते, पुडी सगळ्या रुंदीवर एकदम फुटते आणि रसायन सपाट पसरत जातं. वाइडची पुडी लांब कडेत असते. पोलरॉइडच्या अरुंद तोंडातून ती उभी शिरते, एका टोकाकडून पिळली जाते आणि रसायन कडेने फुटून थेट रोलरवर येतं. हे रसायन दाहक असतं. हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. रोलरवर वाळलं की पुढच्या प्रत्येक फोटोवर त्याच अंतराने डाग उमटतात. कुणी हा उद्योग करून बसलंच असेल तर फिल्मचं दार उघडा, धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करून रोलर बोटाने फिरवत पुसा आणि पूर्ण सुकल्याशिवाय नवं पाकीट घालू नका.

दुसरा दावा: "आय-टाइप म्हणजेच 600, फक्त स्वस्त." दोन्ही पोलरॉइडच्याच फिल्म: 600 जुन्या कॅमेऱ्यांसाठी, आय-टाइप नव्या कॅमेऱ्यांसाठी. रसायन आणि वेग (फिल्म उजेडाला किती पटकन प्रतिसाद देते ते) एकच, साधारण 640 आयएसओ, एवढं अर्धसत्य त्यात आहे. पण जुन्या 600 कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरीच नसते. 6 व्होल्टची चपटी बॅटरी फिल्मच्या पाकिटात येते आणि आय-टाइपच्या पाकिटात नेमकी तीच नसते. पाकीट घातलं तरी कॅमेरा हूं की चूं करत नाही. नुकत्याच संपलेल्या 600 च्या कार्ट्रिजमध्ये, बॅटरीत जीव असताना, मिट्ट काळोखात आय-टाइपचे कागद हलवता येतात. जमतं, पण नवशिक्याने पहिल्याच पाकिटावर हा प्रयोग करू नये. आणखी एक: आता पाकिटात 10 नव्हे, 8 फोटो येतात. जुन्या कॅमेऱ्यावरचा उरलेल्या फोटोंचा आकडा 2 वर थांबला की फिल्म संपली, कॅमेरा बिघडलेला नाही.

तिसरा: "डब्यासारखा दिसतो तो 600, घडीचा तो एसएक्स-70." एसएक्स-70 हा पोलरॉइडचा 600 च्या आधीचा प्रकार, पण ही ओळख साफ चूक. 1977 चा इंद्रधनुषी पट्ट्याचा वनस्टेप डब्यासारखाच आहे आणि त्याला एसएक्स-70 फिल्म लागते. दाराच्या आत किंवा तळाला काय छापलंय ते वाचा. एसएक्स-70 फिल्मचा वेग साधारण 160, म्हणजे 600 चौपट जलद. 600 ची फिल्म एसएक्स-70 कॅमेऱ्यात तशीच घातली तर फोटो दोन स्टॉपने, म्हणजे चौपट जास्त उजेड पडून, पांढरेफटक येतात. दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच किंवा पट्टी, पाकिटावर किंवा फक्त लेन्सवर लावला तर चालतं. शेजारचा प्रकाश मोजणारा डोळा मात्र झाकायचा नाही. तोही झाकला तर कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि फिल्टरचा उपयोग शून्य.

चौथा: "फिल्म फ्रीझरमध्ये ठेवा आणि फोटो बाहेर आला की झटका." दोन्ही चूक. पोलरॉइड कंपनी स्वतःच सांगते: बंद पाकीट 4 ते 18 अंशांत, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आडवं ठेवा, गोठवू नका; फोटो 13 ते 28 अंशांत काढा. मे महिन्यात नागपूर-जळगावच्या उन्हात फोटो पिवळट-लालसर येतो तो यामुळेच. बाहेर आल्याबरोबर फोटो उजेडापासून झाका, पालथा करून सावलीत ठेवा आणि रंगीत असेल तर पंधरा मिनिटं वाट बघा.

"कुठल्याही मॉडेलची फिल्म मिळते" हा शेवटचा दावा. स्पेक्ट्रा या पोलरॉइडच्याच रुंद फोटोंच्या कॅमेऱ्यांची फिल्म कंपनीने 2019 मध्ये बंद केली. पॅक फिल्म म्हणजे ज्यात फोटो वरच्या कागदापासून सोलून काढावा लागतो ती; त्यातली मोठ्या प्रमाणावर बनणारी शेवटची फुजीची एफपी-100सी, ती 2016 मध्ये थांबली. आज या नावांनी जे विकलं जातं तो जुना साठा आहे: पुडीतलं रसायन सुकत आलेलं, आणि स्पेक्ट्रा असेल तर बॅटरीही बहुधा मेलेली. पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून खोक्यावरच्या तारखेचा फोटो मागवा.