किरकिरे राहू नका, पर्निकेटी व्हा

तुम्ही सांगलीत हरभट रोडला भडंग घेता तेव्हा आधी मूठभर हातात घेऊन लसूण पुरेसा हाय का, शेंगदाणा खवट तर नाही ना, कढीपत्ता कुरकुरीत आहे का नुसताच हिरवा दिसतोय हे सगळं बघता, वर 'हे वरचं नको हो, खालनं काढा' म्हणता, आणि मागं उभा असलेला कुणीतरी पुटपुटतो, लय किरकिऱ्या माणूस! मनाला लावून घेऊ नका. तुमच्या स्वभावात काही खोट नाही, फक्त त्याला इंग्रजी नाव नाही. ते आजच घ्या, पर्निकेटी.

अर्थ? सुईच्या टोकाएवढ्या गोष्टीवरनं अख्खं घर वेठीला धरणारा. म्हणजे किरकिऱ्याच की, पण हे कुणाला सांगत बसू नका. इंग्रजीत हा शब्द कौतुकाला वापरत नाहीत, नावं ठेवायला वापरतात, तरी सांगलीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो एखाद्या डिग्रीसारखाच वाटणार, त्याचा फायदा घ्या. वापरायचा नियम सोपा आहे, नवरा चहात साखर जास्त झाली म्हणाला तर तो किरकिऱ्या, तुम्ही म्हणालात तर पर्निकेटी, आणि सासूबाई म्हणाल्या तर गप्प बसायचं.

समजा पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं डिक्शनरी उघडलीच, तर घाबरू नका, उलट तिथंच खरी मजा आहे. तो म्हणेल, मामा, शब्द पर्स्निकेटी आहे, मध्ये स पाहिजे. लगेच चष्मा पुसायचा आणि शांतपणे सांगायचं, बाळा, मूळ शब्द स्कॉटलंडचा, १९व्या शतकाच्या सुरवातीपासनं छापलेला सापडतो, स नंतर अमेरिकेत घुसला. त्याच्या आधी तो आला कुठनं, हे मात्र कोशवाल्यांनाही नक्की ठरवता आलेलं नाही, जो शब्द दुसऱ्याच्या बारीकसारीक चुका काढतो त्याचाच जन्मदाखला नाही, पण हे भाच्याला सांगायची काय गरज.

आणि हो, कामालाही पर्निकेटी म्हणता येतं, फार नाजूक निगुतीचं काम असलं की. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तारेचा आवाज घुमता करतात, ते बघा, तारा टेकतात त्या घोडीवर कानस जराशी फिरवायची, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, नाही जमलं की परत घासायची. हा खरा पर्निकेटी माणूस, पण त्याला हा शब्द शिकवायला जाऊ नका, त्याला वेळ नसतो, आणि आपल्याला मात्र भरपूर असतो.

फक्त मंडईत हा प्रयोग जपून करा. कृष्णाकाठची वांगी एकेक उलटून देठ दाबून बघत तुम्ही 'मावशी, मी जरा पर्निकेटी आहे' म्हणालात, तर उत्तर ठरलेलं आहे, 'कुणीबी आसा की, पर माल चिवडू नगासा.'